सोलापूर : समाजमंदिरात बायकांचा व्यायामवर्ग घ्यायचाय, आखणी कशी करू?

शेंगापोळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथल्या एका जिममध्ये मी झुंबा आणि एरोबिक्सच्या बॅच घेते. आता आमच्या बचत गटाच्या अध्यक्षा मागे लागल्यात की अक्कलकोट रोडच्या बाजूला समाजमंदिर आहे, संध्याकाळी रिकामं असतं, तिथं आपल्या बायकांसाठी वर्ग घे. पंचवीस-तीस जणी येतील. बहुतेक विड्या वळणाऱ्या, काही शिलाईवाल्या, दोघी-तिघी अंगणवाडीच्या. वय पंचविशीपासून पासष्टीपर्यंत. निम्म्या घरी तेलुगू बोलतात, काही कानडी. बऱ्याच जणी साडीत येणार, बूट जवळजवळ कुणाकडेच नाहीत. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. पंखे चार, चालू दोन.

जिमची बॅच मी झोपेतही घेईन. पण तिथली बाई पैसे भरून, पाण्याची बाटली घेऊन, तयारीने येते. इथं कुणाला बीपी, कुणाला शुगर, कुणाचे गुडघे, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "पोट कमी होईल का गं?" पाऊण तासात काय बसवावं, आधी काय विचारून घ्यावं, उन्हाळ्यात कसं करावं? फुकटचे सल्लेही चालतील, वर्गही फुकटच आहे.

पार्क_चौक

ताई, आधी अभिनंदन. माझी सगळी नोकरी शाळेत पीटी घेण्यात गेली, त्यामुळे फरशी आणि पत्रा हे माझे जुने सोबती.

पहिली गोष्ट. वर्ग घेताना तुमचाच व्यायाम छान होत असेल तर वर्ग नीट होत नाहीये. हल्लीचे बरेच ट्रेनर पुढं उभं राहून स्वतः घामाघूम होतात, मागं कोण कशी वाकतेय ते त्यांना दिसतच नाही. पहिल्या एक-दोन वेळा करून दाखवा, मग रांगांतून फिरा. दाखवताना बायकांकडे तोंड करून उभ्या राहा आणि आरशासारखं करा, म्हणजे तोंडानं "उजवा" म्हणताना तुमचा डावा हात वर गेला पाहिजे. जिममध्ये भिंतभर आरसा असतो म्हणून ही सवय लागत नाही. घरी आठवडाभर सराव करा.

रांगा अशा लावा की पुढच्या दोघींच्या मधल्या फटीत मागची उभी राहील. दोन्ही हात बाजूला पसरून कुणाला लागता कामा नये. ज्येष्ठ बायका आपोआप शेवटच्या रांगेत जाऊन लपतात, त्यांना भिंतीच्या कडेला घ्या. तोल गेला तर आधार मिळतो आणि तुमची नजरही राहते.

मोजणी आठाची ठेवा. पुढची हालचाल आठ झाल्यावर सांगू नका, पाचव्या मोजणीला सांगा, म्हणजे पाय वेळेवर वळतो. आणि लेझीम विसरू नका! गणपतीच्या मिरवणुकीत सोलापूरची लेझीम बघायला लोक रस्त्याच्या कडेला जागा धरून बसतात. तुमच्या वर्गात शाळेत लेझीम खेळलेल्या निदान सहा-सात जणी निघतील, लावता का पैज?

मणका_मित्र

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे विडी कामगार बायका खूप येतात, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

तासन्‌तास मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून ही बाई बसलेली असते. पान कातरायचं, वळायचं, दोरा बांधायचा, हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत. खांदे पुढं आलेले, छातीचे स्नायू आखडलेले, मांडीच्या पुढचे आणि कमरेजवळचे स्नायू आखूड झालेले, नितंबांत ताकद नाही, अंगठा आणि मनगट दुखरं. अशा शरीराला तुम्ही "चला वाका, पायाचे अंगठे धरा" म्हणालात तर जे दिवसभर वाकलंय तेच अजून वाकवताय. तिला उलटं हवं. हात मागं घेऊन छाती उघडणं, भिंतीला पाठ टेकून हात वर सरकवणं, खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, टाचा उचलणं, भिंतीवर हात टेकून दंड. मान गरागरा फिरवू नका, हळू डावीकडे, हळू उजवीकडे, एवढं पुरे.

आता महत्त्वाचं. नवीन व्यायामाचं दुखणं त्याच दिवशी येत नाही. दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि दोन-तीन दिवस राहतं. जिमच्या बाईला त्याचं कौतुक वाटतं, "काल काय मस्त वर्कआउट झाला!" विडीवालीला दुसऱ्या दिवशी मांडी घालून बसता आलं नाही तर माल पुरा होत नाही, मजुरी बुडते, आणि घरातले म्हणतात, कुणी सांगितलं होतं नाचायला? त्यामुळे पहिले दोन आठवडे वर्ग इतका हलका ठेवा की बायका म्हणतील, एवढंच होय? उठाबशांची पहिली फेरी आठचीच. पुढच्या आठवड्यात दहा. वाढवायचं ते एका वेळी एकच, संख्या तरी नाहीतर वेग तरी.

आणखी एक, ज्यावर कुणी बोलत नाही. बाळंतपणं झालेल्या बायकांना उड्या मारताना लघवी निसटते. त्या सांगत नाहीत, फक्त यायच्या बंद होतात, आणि आपण म्हणतो बायकांना चिकाटीच नाही. कुणाचं अंग (गर्भाशय) बाहेर येत असतं. म्हणून या वर्गात उडी नको. एक पाय कायम जमिनीवर. त्यानेही दम भरपूर लागतो. ओटीपोटाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम शिकवता आला तर मी एक दिवस येऊन शिकवेन, हॉलचं दार लावून.

घाम_गाळू

सगळे मिळून वर्गाची भजनी मंडळी करलालाव बे तुम्ही 😀 भिंतीवर दंड, खुर्चीवर उठबस... एवढ्यानं कुणाचं काय होणार? वीस सेकंद जोरात, दहा सेकंद थांबा, चार मिनिटांचा सेट. जगभर हेच चाललंय. घाम निघाला की बायका स्वतःच दुसऱ्या दिवशी येतात. हलकं हलकं केलं तर पोरी कंटाळून जातील.

मणका_मित्र

वीस-दहाची पद्धत मलाही माहीत आहे. जपानमध्ये १९९६ साली त्यावर शोधनिबंध आला तेव्हा ती तरुण, तयारीच्या मुलांवर, स्थिर सायकलवर केलेली होती. तिथं पडायचा प्रश्न नाही. इथं अनवाणी, साडीत, शहाबादीवर, साठीची बाई. जोर लावायला माझी ना नाही, पण तो दोन महिन्यांनी, आणि ज्यांची तयारी झाली त्यांनाच.

कंटाळ्याचं म्हणाल तर मुद्दा बरोबर आहे. त्याची सोय, म्हणजे लेझीम, पार्क_चौक सरांनी वर सांगितलीय.

कडक_भाकरी

अवांतर, पण फार अवांतर नाही. शेंगापोळी, तुझ्या भागात पाणी कुठल्या दिवशी येतं ते आधी बघ. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड येतं आणि त्या दिवशी आख्खी गल्ली पिंपांपाशी. "मंगळवार, गुरुवार, शनिवार" असं वेळापत्रक छापून भिंतीला लावलंस तर पाण्याच्या दिवशी तू, तुझा स्पीकर आणि दोन पंखे एवढेच असाल. जिमवाल्यांना हे कळत नाही, टाकीवाले लोक!

आणि साडीचं. नऊवारीवाल्या आज्या निर्धास्त असतात, काष्टा मारलेला असतो. पाचवारीवालीच्या निऱ्या पायात येतात. माझ्या भिशीतल्या बायका निऱ्या वर खोचून खाली लेगिंग घालायला लागल्या, त्यानंतर कुणी अडखळलं नाही. ओढणी गाठ मारून कमरेला. लांब मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत.

टॉवेलवाला

घरात तीन पिढ्या यंत्रमाग, त्यामुळे मला एक वेगळंच सुचतंय. मागाच्या शेडमध्ये नव्वद डेसिबलच्या वर आवाज सहज असतो. माझ्या आईनं तिथं कांड्या भरण्यात आयुष्य काढलं, तिला आता उंच आवाज ऐकूच येत नाहीत. तुमच्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये अशा काही नक्की निघतील. त्यांना मागून आलेली सूचना कळत नाही, वर संगीत लावलं की अजिबात नाही. पण हाताची खूण त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळते, शेडमध्ये सगळं बोलणं खुणांवरच चालतं.

म्हणून खुणा ठरवून टाका. हात डोक्यावर गोल फिरवला की पुन्हा पहिल्यापासून. तळवा खाली दाबला की हळू. चार बोटं म्हणजे शेवटचे चार. छातीशी मूठ म्हणजे थांबा. पहिल्या दिवशी संगीताशिवाय फक्त खुणांचा खेळ घ्या.

यातून भाषेचाही प्रश्न सुटतो. तरी मोजणी आळीपाळीनं वेगवेगळ्या बायकांना द्या. एक आठ मराठीत, एक ओकटी-रेंडू-मूडू-नालुगू, एक ओंदू-एरडू-मूरू-नाल्कू. बायका हसतात, हसताना श्वास अडकत नाही. आणि स्पीकरचा आवाज इतकाच ठेवा की शेजारचीशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल. उरलेसुरले कान तरी राहू देत.

एमडी_होटगीरोड

टॉवेलवाला यांची मोजणी वैद्यकीयदृष्ट्याही उपयोगी आहे. मोठ्यानं मोजणारी बाई श्वास रोखत नाही. जोर लावताना श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो.

सुरू करण्याआधी प्रत्येकीशी पाच मिनिटं एकटीशी बोला, सगळ्यांसमोर विचारू नका. जगभर यासाठी पार-क्यू नावाची प्रश्नावली वापरतात, सुरुवातीचे प्रश्न सातच. आपल्या भाषेत असं विचारा: डॉक्टरांनी हृदयाचा आजार किंवा बीपी सांगितलंय का? बसल्या बसल्या किंवा जिना चढताना छातीत दुखतं का? गेल्या वर्षात चक्कर येऊन तोल गेला, शुद्ध हरपली असं झालं का? दुसरा कुठला जुना आजार? गोळ्या कुठल्या? हाडा-सांध्यांचं काही? डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्यायाम करा असं कुणी सांगितलंय का? आणि यात नसलेला एक, दिवस गेलेत का. एकाला जरी "हो" आलं तर आधी डॉक्टरांना दाखवून यायला सांगा. तोवर घरी पाठवू नका, खुर्चीवर बसून हात-पाय हलवू द्या, नाहीतर पुढच्या वेळी सगळ्याजणी "नाही नाही" म्हणतील.

नाडी मोजून व्यायामाचा जोर ठरवायच्या भानगडीत पडू नका. २२० वजा वय हे सूत्र ढोबळ आहे, दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर नाडी हवी तेवढी वाढतच नाही. त्यापेक्षा स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची दमाची मोजपट्टी बरी. शून्य म्हणजे निवांत बसलेली, दहा म्हणजे आता पडते. खुणांचं ठरलंच आहे तर अधूनमधून "बोटं दाखवा" म्हणा. चार ते सहा बोटं दिसली की ठीक, आठ दाखवणारीला जागच्या जागी चालायला लावा. दमात बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, हीसुद्धा सोपी खूण.

शुगरवाल्यांचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या बाईची साखर व्यायामात खाली येऊ शकते. थरथर, दरदरून घाम, भलतंच बोलणं, चिडचिड दिसली तर लगेच थांबवून चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. मग भाकरी किंवा बिस्किटं. साखरेचा डबा तुमच्या स्पीकरशेजारीच असू द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा. उपासाच्या दिवशी या बायकांना आधीच विचारा, नवरात्रात तर रोज.

छातीत दुखणं बायकांमध्ये नेहमी सिनेमातल्यासारखं नसतं. जबडा, पाठ, दंड दुखणं, मळमळ, अचानक धाप, हेही धरा. हृदय बंद पडलं तर छातीवर दाबण्याचं (सीपीआर) प्रशिक्षण तुम्ही आणि अजून दोघींनी घेऊन ठेवा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. वाचून येत नाही, हातानंच शिकावं लागतं.

शेंगापोळी

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. डॉक्टर, उन्हाचं राहिलं. आमच्या बायकांना वेळ संध्याकाळीच मिळतो. सकाळी डबे, मग माल द्यायला जायचं, परत पानं आणायची. एप्रिल-मेमध्ये काय करू?

एमडी_होटगीरोड

संध्याकाळी सहाला ऊन उतरतं, पत्रा उतरत नाही. पारा चाळिशीच्या वर असताना त्या हॉलमध्ये रात्री आठपर्यंत भट्टी असते. एकतर पटांगण किंवा एखादी मोकळी गच्ची शोधा, नाहीतर ते दोन महिने पहाटे साडेपाचला घ्या. शरीराला उन्हाळ्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस वेळ निम्मा करा. मध्येच गावाला जाऊन आलेलीलाही हेच.

उष्माघात झालेल्या माणसाचा घाम थांबलेलाच असतो असं नाही. व्यायाम करताना झाला तर अंग घामानं भिजलेलंही असू शकतं. बाई असंबद्ध बोलायला लागली, लडखडली, अंग तापलेलं आहे, एवढं पुरे. सावलीत झोपवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख, जांघेत ओली फडकी किंवा बर्फ ठेवा. आधी गार करणं, त्याचवेळी कुणीतरी १०८.

ओआरएसची पाकिटं ठेवणार असाल तर लिटरवालं पाकीट एक लिटर पाण्यातच. अर्ध्या ग्लासात ढवळून देणारे महाभाग मी पाहिलेत.

घाम_गाळू

बरं, मानलं. पण संगीत कुठलं लावणार ते तरी सांगा. वर्ग तिथंच जमतो किंवा मरतो.

शेंगापोळी

हे मात्र माझं खातं 🙂 जिमचे रीमिक्स मिनिटाला १४० ठोक्यांच्या पुढं पळतात, अनवाणी बाईचं पाऊल त्यात पुरं टेकतच नाही. सुरुवातीला ११५ च्या आसपास, मधल्या भागात १२५ च्या वर नाही. ठोका शेवटपर्यंत एकसारखा हवा. लावणी बायकांना फार आवडते पण लय मध्येच चढते, म्हणून ती शेवटी, मोकळं नाचायला. बत्तीस ठोक्यांचा एक तुकडा बसवायचा, पहिल्या दिवशी फक्त पाय, मग हात, मग दिशा. एकदम सगळं दाखवलं की मागच्या रांगा उभ्याच राहतात.

आता आराखडा असा करतेय. पहिली दहा मिनिटं जागच्या जागी चालणं, खांदे, घोटे, छाती उघडणं. त्यातच एकीकडे कोण लंगडतेय, कुणाचा चेहरा उतरलाय ते बघून घेणार. मग पंधरा मिनिटं लेझीम, रोज एक नवा हात (म्हणजे लेझीमची नवी चाल), बाकी जुनेच. दहा मिनिटं ताकदीचे व्यायाम, भिंत आणि खुर्ची. प्रत्येकात सोपा प्रकार आधी दाखवायचा आणि तोच "व्यायाम" म्हणायचा. अवघड प्रकार ज्याला हवा त्याला. उलटं केलं की सोपा करणारी ओशाळते. शेवटची दहा मिनिटं वेग उतरवत नेणं, ताण देणं, खाली बसून श्वास. एकदम थांबायचं नाही, उभ्या उभ्या थांबलं की चक्कर येते. खाली बसायला सतरंज्या आहेत, पण त्या शहाबादीवर सरकतात, म्हणून उभ्याच्या व्यायामाला नाहीत. फरशी आदल्या दिवशीच पुसायची.

पोटाबद्दल खरं सांगून टाकणार. एकट्या पोटाची चरबी व्यायामानं निवडून कमी करता येत नाही, पण कंबर दुखायची कमी होईल.

पार्क_चौक

आराखडा उत्तम. फक्त रोज नवा हात नको, आठवड्याला एक. बायकांना येणारी गोष्ट पुन्हा करायलाच जास्त मजा येते. नवं हवं असतं ते शिकवणाऱ्याला.

शेंगापोळी (काही आठवड्यांनंतर)

वर्ग सुरू झालाय. पार्क_चौक सर, पैज तुम्ही जिंकलात, नऊ जणी लेझीमवाल्या निघाल्या. त्यातल्या एका आजींना मी पुढं उभं केलंय, हात त्याच दाखवतात, मी रांगांतून फिरते. वेळापत्रक छापलं नाही. पाणी ज्या दिवशी येतं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस वर्ग, हे सगळ्यांना तोंडपाठ झालंय. बोटं दाखवण्याचा प्रकार भलताच आवडला, घरी भांडी घासतानाही एकमेकींना बोटं दाखवतात म्हणे. मणका_मित्र येऊन गेल्या, दार लावून. त्या दिवसानंतर यायच्या बंद झालेल्या दोघी परत आल्या.

आता नवीनच टूम निघालीय. या वर्षी कोजागरीला सगळ्यांना चालत तुळजापूरला जायचंय. दरवर्षी यातल्या काहीजणी जातात, पाय सुजवून येतात. आता म्हणतात, ताई, आपल्या वर्गाचं म्हणून जाऊ. जवळपास पंचेचाळीस किलोमीटर. तयारी कशी करून घेऊ?

मणका_मित्र

जाऊ द्या, फार चांगलं निमित्त आहे. आठवड्यातून एक दिवस वर्गाऐवजी चालणं. एका तासापासून सुरुवात, दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वाढ, चौथा आठवडा हलका. पाच-सहा तास सलग चालता आलं की पुढचं रात्रीच्या गारव्यात आणि गर्दीच्या हुरुपात होऊन जातं. ज्या चपला-बुटांत जाणार त्यातच सराव, नवे बूट त्या दिवशी काढू नयेत. पोटऱ्या आणि नितंबांचे व्यायाम वर्गात थोडे वाढवा.

एमडी_होटगीरोड

ज्यांना शुगर आहे आणि तळपायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे त्यांनी अनवाणी नवस बोलू नये. बोलला असेल तर देवीच्या दारात शेवटची शंभर पावलं अनवाणी चाला. दर दोन तासांनी बसून पाय बघायचे, फोड आहे का, खडा रुतलाय का. तळपाय दिसत नसेल तर दुसरीनं बघायचा.

कडक_भाकरी

मी पण येणार, माझं नाव लिही. रूपाभवानीच्या देवळापासून निघणार ना? आणि वाटेत खायला शेंगाचटणी-भाकरी मी आणते, ते ओआरएस तुम्ही प्या.

शेंगापोळी

रूपाभवानीपासूनच. पहिलं सरावाचं चालणं येत्या रविवारी पहाटे साडेपाचला, तुळजापूर नाक्यापर्यंत आणि थोडं पुढं, परत सातच्या आत. टॉवेलवाला, तुमच्या आईंनाही आणा, खुणा त्यांच्याकडूनच अजून शिकायच्यात.

टॉवेलवाला

विचारलं. म्हणाली, चालायला येते, पण सारख्या थांबून बोटं दाखवणार नाही.